जंजिरा पाहून लगेच परतू नका
मुरूडच्या धंद्याचे भवितव्य पाहुण्याच्या एका रात्रीच्या मुक्कामावर अवलंबून आहे

सुटीच्या दिवशी राजपुरीच्या धक्क्यावर तासभर थांबले तरी एक गोष्ट सहज ध्यानात येते. मुंबई-पुण्याकडील गाड्या येतात, माणसे घाईघाईने शिडाच्या होडीत बसतात, जंजिरा किल्ल्यात पाऊण-एक तास फिरतात, फोटो काढतात आणि परतीच्या वाटेला लागतात. दुपारचे जेवण काशीदला, चहा अलिबागला आणि रात्री स्वतःच्या घरी! ज्या गावाचा किल्ला पाहण्यासाठी एवढा खटाटोप केला, त्या मुरूड गावात ही मंडळी पाऊलही टाकीत नाहीत. गावाच्या पदरात पडते ते होडीचे तिकीट, एखादे शहाळे आणि पाण्याच्या बाटलीवरचे कमिशन. बाटली बाहेरची, वेफर्सची पाकिटे बाहेरची, किल्ल्याच्या नावाने विकली जाणारी टोपी आणि खेळणीसुद्धा बाहेरचीच.

हा प्रश्न केवळ मुरूडकरांचा नाही. आपल्या पृष्ठाचे वाचक मालेगाव, भिवंडी, सोलापूर, मिरज, औरंगाबादकडचे व्यापारी आणि कारागीर आहेत. ईदनंतर किंवा मुलांच्या परीक्षा संपल्यावर ते स्वतः कुटुंबकबिला घेऊन कोकणात उतरतात. तेव्हा या लेखात दोघांशी बोलावयाचे आहे. जाणाऱ्याने तेथे काय करावे आणि तेथल्या दुकानदाराने, कारागिराने त्याच्यासाठी काय तयार ठेवावे, या दोन्ही गोष्टी एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. आमचे मत थोडक्यात असे की, मुरूडला दोन तासांचा पाहुणा नको, दोन दिवसांचा पाहुणा हवा. तो आपोआप थांबणार नाही. त्याला थांबविण्यासारखे गावात पुष्कळ आहे, पण ते त्याला सांगणारा कोणी नाही.

एका रात्रीचा हिशेब

व्यापाऱ्याला हिशेबाची भाषा लवकर कळते, म्हणून आधी हिशेब मांडू. समजा, एका रविवारी शंभर कुटुंबे किल्ला पाहावयास आली. त्यांपैकी नव्वद नेहमीप्रमाणे परत गेली आणि फक्त दहा मुक्कामाला राहिली. एका कुटुंबात चार माणसे धरली तर चाळीस माणसे झाली. त्यांना दहा खोल्या लागतात. दोन वेळची ऐंशी ताटे लागतात, सकाळच्या चाळीस न्याहाऱ्या लागतात. ऐंशी ताटांना मासळी कोळणीकडून येते, तांदळाचे पीठ गिरणीतून येते, नारळ वाडीतून येतो, मसाला घरातील बायका कुटतात. चादरी धुणाऱ्याला काम मिळते, रिक्षावाल्याला दोन-तीन फेऱ्या मिळतात. सकाळी निघताना पाहुणा बाजारातून सुपारी, आमसूल, सोडे घेऊन जातो, कारण संध्याकाळी बाजारातून हिंडताना त्याने ते पाहिलेले असते.

घाईत असलेला माणूस खरेदी करीत नाही. ज्याला गावात फिरावयास वेळ आहे, तोच दुकानाच्या पायरीवर चढतो. म्हणून रात्रीचा मुक्काम म्हणजे केवळ लॉजवाल्याचा फायदा नव्हे. ती साऱ्या बाजारपेठेची कमाई आहे.

पाहुण्याने दोन दिवसांत काय करावे?

मुंबईहून मुरूड रस्त्याने सुमारे १६५ किलोमीटर आहे. सडकेचा कंटाळा असेल तर गेटवेहून लाँचने मांडवा, तेथून अलिबाग आणि अलिबागहून एस.टी.ने सुमारे पन्नास किलोमीटरवर मुरूड, हा जुना आणि सोयीचा मार्ग आहे. पावसाळ्यात या लाँच बंद असतात. २०२० सालापासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली, तिच्यात गाडीही चढविता येते. वाटेवर चौल-रेवदंडा आणि कोर्लई लागतात. चौल हे शेकडो वर्षे अरब व्यापाऱ्यांना ठाऊक असलेले बंदर. कोर्लईला पोर्तुगीजांचा किल्ला आहे आणि तेथील ख्रिस्ती वस्तीत आजही पोर्तुगीजमिश्रित बोली बोलली जाते. किनाऱ्यावरच्या व्यापाराने माणसे कशी एकत्र आणली, हे मुलांना दाखवावयाचे असेल तर याहून चांगली शाळा नाही.

पहिल्या दिवशी दुपारनंतर मुरूडला पोहोचावे आणि असरच्या सुमारास खोकरीला जावे. राजपुरीजवळ, किल्ल्याच्या गर्दीपासून थोड्याच अंतरावर, सिद्दी घराण्यातील तिघांचे दगडी मकबरे तेथे आहेत. त्यांतील सर्वांत मोठा सिद्दी सुरूलखानाचा आहे. तो त्याने स्वतःच्या हयातीत बांधून घेतला असे सांगतात. दुसरे दोन सिद्दी कासीम ऊर्फ याकूतखान आणि त्याचा भाऊ खैरियतखान यांचे. याकूतखान १७०६ साली वारला आणि त्याच्या कबरीवर अरबी शिलालेख आहे. दगडातील जाळ्या आणि कमानी पाहण्यासारख्या आहेत. गवंडीकाम, सुतारकाम, नक्षीकाम करणाऱ्या आपल्या कारागीर बांधवांनी तर हे काम बारकाईने पाहावे. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालील ही वास्तू आहे. किल्ला पाहणाऱ्या दहांतले नऊ जण येथे फिरकत नाहीत. हे कबरस्तान आहे याचे भान ठेवून तेथे अदबीने वागावे, एवढेच सांगणे.

संध्याकाळ मुरूडच्या किनाऱ्यावर घालवावी. समोर समुद्रात दिसतो तो कासा किल्ला, म्हणजेच पद्मदुर्ग. जंजिऱ्याला शह देण्यासाठी शिवाजी महाराजांनी तो बांधविला. सूर्य त्याच्यामागे बुडताना पाहावा. पण समुद्रात उतरताना सावध राहावे. २०१६ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी याच किनाऱ्यावर बुडून मरण पावले. वरून शांत दिसणारे पाणी ओहोटीच्या वेळी माणसाला आत ओढून नेते. भरती-ओहोटीची वेळ स्थानिक कोळी बांधवांना विचारल्याशिवाय मुलांना पाण्यात सोडू नये. ही चौकशी न मागता सांगणे हे प्रत्येक लॉजवाल्याचे, चहावाल्याचे कर्तव्य आहे. पाहुण्याचा जीव ही आपल्याकडील अमानत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या होडीने किल्ला गाठावा. ऊन चढण्यापूर्वी किल्ला निवांत पाहता येतो आणि होडीसाठी रांगही लागत नाही. राजपुरीहून शिडाच्या होड्या जातात, खोरा बंदराहून यांत्रिक बोटी जातात. शुक्रवारी जुम्म्याच्या वेळी होड्या थांबतात, हे लक्षात ठेवून बेत आखावा. किल्ल्याचा दरवाजा होडी अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, अशी त्याची रचना आहे. हत्तींना पंजात पकडलेल्या वाघासारख्या प्राण्याचे शिल्प दरवाजाजवळ आहे. एकोणीस बुरूज, कलालबांगडी ही प्रचंड तोफ, सुरूलखानाच्या वाड्याचे अवशेष, मशीद आणि पश्चिमेकडील दर्या दरवाजा, एवढे तरी पाहावेच. सर्वांत मोठे नवल म्हणजे चहूबाजूंनी खारे पाणी असताना आत असलेले गोड्या पाण्याचे दोन तलाव. ‘जंजिरा’ हा शब्दच अरबी ‘जझीरा’ म्हणजे बेट या शब्दावरून आला आहे.

किल्ल्यावरून परतल्यावर मुरूडच्या बाजारात फिरावे. नारळी-पोफळीच्या वाड्यांतून जाणारी अरुंद वाट, उतरत्या कौलांची घरे, दुपारी तांदळाची भाकरी आणि नारळाच्या रसातले मासे, सकाळी घावन, आणि एखाद्या घरी सांदण मिळाले तर सोन्याहून पिवळे. नवाबाचा राजवाडा खासगी मालमत्ता आहे, तो रस्त्यावरूनच पाहावा; आत शिरण्याचा प्रयत्न करू नये. वेळ असेल तर फणसाड अभयारण्य जवळच आहे. एकेकाळचे नवाबाचे हे शिकारीचे रान १९८६ साली अभयारण्य झाले. किंवा आगरदांड्याहून जंगलीने म्हणजे जंगर बोटीने दिघीला उतरून दिवेआगर-श्रीवर्धनकडे जावे. अशा रीतीने दोन दिवस कसे गेले ते कळणारही नाही.

जे आहे ते कोण सांगणार?

वर सांगितलेल्यात नवे काही नाही. मुरूडच्या कोणत्याही दुकानदाराला हे ठाऊक आहे. परंतु त्याच्या दुकानात ते कोठेही लिहिलेले नाही. खोकरीचे मकबरे किती वाजता पाहावेत, भरती कधी आहे, सुकी मासळी कोणाकडे चांगली मिळते, शाकाहारी जेवण कोठे मिळेल, नमाजसाठी जवळची मशीद कोणती आणि स्त्रियांसाठी स्वच्छ संडास कोठे आहे, हे एका कागदावर मराठी, हिंदी, उर्दूत छापून प्रत्येक दुकानात, रिक्षात आणि होडीच्या तिकीट खिडकीवर ठेवावयास किती खर्च येईल? एका दुकानाच्या दिवाळी-ईदच्या कॅलेंडरापेक्षा कमीच.

आता असे म्हटले जाईल की, हे काम पर्यटन खात्याचे आहे, नगरपरिषदेचे आहे. आहेच. पण खात्याची वाट पाहत बसणाऱ्याच्या दुकानात गिऱ्हाईक येत नसते. राजपुरीच्या होडीवाल्यांकडे पाहा. त्यांनी सहकारी संस्था केली, नंबर लावले, तिकिटावर वाहतूक चालविली. तेथे घासाघीस नाही, कोणी कोणाचे गिऱ्हाईक ओढीत नाही. ज्या ठिकाणी भाव ठरलेला आहे त्या ठिकाणी पाहुण्याचे मन निर्धास्त असते. जे होडीवाल्यांना जमले ते खोल्या देणाऱ्यांना, रिक्षावाल्यांना आणि किल्ला दाखविणाऱ्या मुलांना का जमू नये?

येथे थोडे कडू बोलणे भाग आहे. गर्दी पाहून खोलीचा भाव दुप्पट करणे, ताटात आधी एक मासा आणि बिलात दुसरा, ताजी मासळी म्हणून बर्फातील मासळी वाढणे, सोड्यांच्या पिशवीत खालच्या बाजूला चुरा भरणे, हे प्रकार प्रत्येक पर्यटनाच्या गावी होतात आणि आपल्याकडेही होतात. फसलेला पाहुणा भांडत नाही, तो पुन्हा येत नाही आणि हल्ली तर तो मोबाईलवर चार शब्द लिहून हजार जणांना सावध करतो. मापात खोट करणाऱ्यांविषयी कुरआन शरीफात एक स्वतंत्र सूरा आहे, सूरा अल्-मुतफ्फिफीन. ती नमाजमध्ये ऐकणाऱ्याने तराजूजवळ ती विसरावी, यासारखे दुर्दैव नाही. मुसाफिराची खातिरदारी ही आपली जुनी शिकवण आहे. ती पाळली तर सवाब आहेच, शिवाय धंद्याची बरकतही त्यातच आहे.

इतिहास खरा सांगा

मुरूडच्या धंद्याचा कच्चा माल इतिहास आहे. तो भेसळीचा विकला तर तो मालही खराबच. किल्ल्यावर फिरताना काही मुले ऐकणाऱ्याचा चेहरा पाहून गोष्ट बदलतात. एकाला सिद्दी क्रूर म्हणून सांगतात, दुसऱ्याला संत म्हणून. तोफांचे वजन आणि पल्ला दर फेरीला वाढत जातो. भुयारांच्या गोष्टी तर विचारूच नका.

खरा इतिहास कल्पित गोष्टींहून अधिक रंजक आहे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम आणि सैनिक म्हणून आणलेली माणसे दख्खनच्या दरबारात चढत गेली आणि त्यांनी एका बेटावर असे राज्य उभारले की, ते १९४८ साली भारतात विलीन होईपर्यंत टिकले. शिवाजी महाराजांनी आणि १६८२ साली संभाजी महाराजांनी जंजिरा घेण्याचा निकराने प्रयत्न केला. सिद्दींच्या स्वाऱ्यांनी किनाऱ्यावरील रयतेला त्रास झाला, हेही खरे आहे आणि ते लपविण्याचे कारण नाही. याच सिद्दी याकूतने १६८९ मध्ये मुंबईच्या इंग्रजांना किल्ल्यात कोंडून घातले होते. दुसरीकडे महाराजांच्या आरमारात दौलतखान हा सरदार होता. म्हणजे ही लढाई दोन धर्मांची नव्हती, समुद्रावरच्या सत्तेची होती. एवढे चार वाक्यांत सांगणारा मुलगा मराठी पाहुण्याला आपला वाटेल आणि मुस्लिम पाहुण्यालाही. पद्मदुर्ग आणि जंजिरा दोन्ही किल्ले एकाच अभिमानाने दाखविणारे गाव म्हणून मुरूडची ख्याती व्हावी. गावातील हायस्कूल-कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींना एक-दोन महिन्यांचे शिक्षण देऊन, ओळखपत्र देऊन हे काम सोपविता येईल. त्यात इतिहासाच्या शिक्षकांनी आणि जमातुल मुस्लिमीनने पुढाकार घ्यावा. कोळी, आगरी, भंडारी समाजाची मुलेही त्यात बरोबरीने असावीत.

हे आताच करावयाचे दुसरेही कारण आहे. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यात खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे समुद्रावरचे किल्ले आहेत. जंजिरा त्यात नाही. त्या किल्ल्यांकडे आता नवा पाहुणा वळेल, तेथे नव्या सोयी होतील. त्यांचे चांगले होवो. परंतु जंजिऱ्याला गिऱ्हाईक आपोआप येत राहील, असे समजून स्वस्थ बसण्याचे दिवस संपले आहेत.

कारागिरांसाठी काम आहे

आता कारागीर बांधवांकडे वळू. जंजिऱ्याहून परतणारा माणूस आठवण म्हणून काय घेऊन जातो? बहुतेक वेळा काहीच नाही, कारण तेथले म्हणून विकत घेण्यासारखे काही समोर मांडलेले नाही. वास्तविक गावात होडी बांधणारे हात आहेत. तेच हात शिडाच्या होडीची वीतभर लांबीची लाकडी प्रतिकृती करू शकतात. नारळाच्या हिरांचा खराटा, काथ्याची दोरी आणि पायपुसणे, करवंटीचे पळी-वाटी, पोफळीच्या विरीच्या पत्रावळी, घाणीचे खोबरेल तेल, आमसूल, कोकमचे सरबत, रोठा सुपारी, कोळंबीचे लोणचे, नीट पाखडून बांधलेले सोडे आणि जवळा, हे सारे या मातीतले आहे. त्यावर वजन, तारीख, किंमत आणि करणाऱ्याचे नाव छापलेले असले की झाले. अन्नपदार्थांसाठी अन्न सुरक्षेची नोंदणी करून घ्यावी. ते काम छोट्या धंद्यासाठी अवघड नाही. घरात बसून काम करणाऱ्या आपल्या भगिनींना यात मोठी संधी आहे.

बाहेरगावच्या कारागिरांनाही वाव आहे. सोलापूरच्या टॉवेलवर किंवा भिवंडीच्या कापडी पिशवीवर जंजिऱ्याचे चित्र का असू नये? समुद्रावर गेलेल्या प्रत्येक कुटुंबाला टॉवेल लागतो. आज तो कोठून तरी आलेला, कोणतेही नाव नसलेला असतो. एका व्यापाऱ्याने नमुना घेऊन राजपुरी-मुरूडच्या पाच दुकानांत ठेवून पाहावा. खपला तर पुढचा माल करावा. धंदा असाच वाढतो.

शासनाच्या २०२३ साली सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. होडी बांधणारे, जाळी विणणारे, टोपल्या-चटया-झाडू व काथ्याचे काम करणारे, शिंपी, सुतार, लोहार, गवंडी हे त्यांत मोडतात. प्रशिक्षण, विद्यावेतन आणि अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत साह्य अशी तिची रचना आहे. त्यापुढे पाच टक्के व्याजाने कर्जही मिळते. व्याजाचा व्यवहार ज्यांना नको आहे त्यांनी कर्ज घेऊ नये. पण प्रशिक्षण आणि अवजारे घेण्यास काय हरकत आहे? तसेच ज्यांच्या घरात दोन खोल्या रिकाम्या आहेत त्यांच्यासाठी निवास व न्याहारी योजनेखाली नोंदणीची सोय आहे. घरातील मुले परदेशी किंवा मुंबईला गेलेली आणि माडीवरच्या खोल्यांना कुलूप, अशी घरे कोकणातील आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. ती कुलपे उघडली तर नवी इमारत बांधण्याची गरजच नाही.

दोन शंका

काही बुजुर्ग म्हणतात की, पर्यटक आले की दारू येते, बेशिस्त येते, मोहल्ल्याची हया जाते. ही काळजी खोटी नाही. परंतु एक विचार करावा. आपण खोल्या दिल्या नाहीत, हॉटेले काढली नाहीत, म्हणून पाहुणा यावयाचा थांबत नाही. तो येतोच, फक्त त्याच्या मुक्कामाचे नियम दुसरा कोणी ठरवितो. जमीन विकून बाजूला झालेल्या माणसाला नियम करण्याचा अधिकार राहत नाही. ज्याच्या हाती किल्ली, त्याच्या हाती शिस्त. कुटुंबांसाठी स्वच्छ, हलाल, दारूमुक्त निवास अशी पाटी लावून पाहा. मालेगाव, पुणे, मुंब्रा येथली मुस्लिम कुटुंबे अशीच जागा शोधत असतात आणि मुलाबाळांसह फिरणारे हिंदू बांधवही ती पसंत करतील. शाकाहारी पाहुण्यासाठी वेगळी भांडी ठेवावीत आणि ती खरोखर वेगळीच ठेवावीत.

दुसरी शंका हंगामाची. जून लागला की किल्ला बंद होतो, १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारीलाही बंदी असते. धंदा आठ महिन्यांचा, पोट बारा महिन्यांचे. त्यातच ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने मुरूड-श्रीवर्धनच्या वाड्या झोपविल्या. पोफळ आज लावली तर पीक हाती यावयास पाच-सात वर्षे लागतात, नारळाचेही तसेच. या नुकसानीने एकच धडा दिला की, एका कमाईवर घर चालविणे धोक्याचे आहे. म्हणूनच किल्ल्याच्या होडीवर सारा धंदा टांगून ठेवू नये. पावसाळ्यात किल्ला बंद असला तरी गारंबीचे रान हिरवेगार असते, खोकरीचे दगड पावसात धुऊन निघालेले असतात, सांदण आणि सोड्यांचे कालवण तर पावसातच रुचते. समुद्रात न उतरता कोकणचा पाऊस पाहावयास येणारा पाहुणा घाटावर पुष्कळ आहे. त्याला बोलावणे पाठविले पाहिजे.

जेट्टी होण्यापूर्वी

आज किल्ल्याच्या दरवाजाशी होडीतून उतरताना म्हाताऱ्या माणसांचे आणि स्त्रियांचे हाल होतात. ही अडचण दूर करण्यासाठी किल्ल्याजवळ जेट्टी बांधण्याचे काम शासनाने हाती घेतले. ते चांगलेच आहे. पण जेट्टीला मोठ्या बोटी लागू लागल्या की दूरच्या बंदरावरून थेट किल्ल्यावर माणसे आणून थेट परत नेणे कोणाही भांडवलवाल्याला सोपे होईल. मग राजपुरीचा धक्कासुद्धा वाटेत येणार नाही. आज पाहुणा गावाला वळसा घालून जातो, उद्या तो गावाला टाळून जाईल. ज्या गावात रात्र काढावीशी वाटते, त्या गावाला ही भीती नाही. म्हणून ही तयारी जेट्टीच्या आधी व्हावयास हवी.

यंदाच्या हंगामापुरती पाच कामे पुरेत. पहिले, व्यापाऱ्यांनी मिळून दोन दिवसांच्या कार्यक्रमाचे एक पत्रक छापावे. दुसरे, खोली, रिक्षा आणि मार्गदर्शक यांचे दर ठरवून ते पाटीवर लिहावेत. तिसरे, बाजारात एक तरी स्वच्छ, पाणी असलेले, कुलूप न लावलेले स्त्रियांचे संडास वर्गणी काढून सांभाळावे. चौथे, स्थानिक मालासाठी धक्क्याजवळ एक सामाईक दुकान काढावे. पाचवे, भरती-ओहोटीची वेळ रोज फळ्यावर लिहावी. यांपैकी कोणत्याही कामाला मंत्रालयात खेटे घालावे लागत नाहीत.

आणि बाहेरगावच्या वाचकांना एवढेच सांगणे की, पुढच्या वेळी जंजिऱ्याला जाल तेव्हा एक रात्र मुरूडला काढा. खोकरीला जाऊन फातिहा पढा, कोळणीकडून सोडे घ्या, एखाद्या घरचे घावन खा, पैसे देताना घासाघीस करू नका आणि फसवणूक झाली तर तोंडावर सांगा, म्हणजे सुधारणा होईल. तुमच्या एका रात्रीने दहा घरांच्या चुली पेटतात. सचोटीने कमावणाऱ्याच्या रोजीत अल्लाह बरकत देवो, आमीन.